चौथं चाक

रेहोर कुबेल्काने तेवीस वर्षांत ओल्शिंका स्टेशनात थांबलेल्या प्रत्येक गाडीचं दर चौथं चाक ठोकलं होतं, आणि दर वेळी नोंदवहीत लिहिलं होतं : सर्व चाकं ठोकली, सर्व ठणठणीत. खाली सही. यात आपण खोटं लिहितोय असं त्याला फार वर्षं वाटलंच नाही. नियम अठ्ठ्याऐंशी सांगत होता की प्रत्येक चाक ठोकायचं आणि आवाज विरेपर्यंत ऐकायचं. वेळापत्रक सांगत होतं की गाडी सात मिनिटं थांबेल. चाळीस डब्यांच्या मालगाडीला चाकं एकशे साठ. नियम लिहिणारा आणि वेळापत्रक लिहिणारा व्हिएन्नात शेजारशेजारच्या खोल्यांत बसत असणार, पण त्यांची आपसात बोलाचाली नसावी.

त्यामुळे मधला मार्ग आमच्या माणसांनी काढला होता. स्टेशनप्रमुख लिंडाउअर घड्याळ हातात घेऊन फलाटावर उभे राहायचे आणि ओरडायचे, "कुबेल्का, आटपा!" रेहोर आटपायचा. काळ्या मेणकापडात बांधलेलं नियमांचं पुस्तक प्रत्येकाला मिळालं होतं, मिळाल्याची सही प्रत्येकाने केली होती, आणि बहुतेकांच्या घरी ते टेबलाच्या आखूड पायाखाली होतं. अपघात झाला की मात्र ते पुस्तक बाहेर यायचं, धूळ झटकून उघडलं जायचं आणि जो मेला किंवा लंगडा झाला त्याने कोणता नियम मोडला ते पान सापडायचं. पान नेहमीच सापडायचं.

फेब्रुवारीत ते पान मातोउश हावलीनसाठी उघडलं गेलं. मातोउश म्हणजे रेहोरचा जावई. मालगाडीवर ब्रेकवाला होता तो. डब्याच्या टपावरच्या फळकुटी खोपटात बसायचं, इंजिनाची शिटी झाली की हाताने चक्र फिरवून ब्रेक आवळायचा, थंडीने बोटं कडक झाली तरी आवळायचा. किलोमीटर एकशे बाराच्या उतारावर त्याचा डबा रुळांवरून उतरून घळीत गेला. ब्रेकचा दांडा असा मोडला होता की तो आवळलेला होता की सैल, हे देवालाही सांगता आलं नसतं. चौकशी समितीला मात्र सांगता आलं. चाक फुटलेलं सापडलं, पण नोंदवहीत चाकं ठणठणीत होती, सही होती, म्हणजे चाक पडताना फुटलं. म्हणजे डबा वेगामुळे पडला. म्हणजे ब्रेक आवळला नाही. म्हणजे ब्रेकवाला झोपला होता.

आमच्याकडे रेल्वेचा माणूस गेला की बँड वाजतो आणि पंखवाल्या चाकाचं चिन्ह असलेली त्याची टोपी शवपेटीवर ठेवतात. मातोउशच्या शवपेटीवर टोपी नव्हती. त्याहून वाईट म्हणजे दर तीन महिन्यांनी लिंडाउअर सगळ्यांना प्रतीक्षालयात बसवून अपघातांचा धडा वाचायचे. मे महिन्यात वाचला, ऑगस्टमध्ये वाचला. "किलोमीटर एकशे बारा. ब्रेकवाला हावलीन कामावर झोपला. सर्वांनी बोध घ्यावा." रेहोर तिसऱ्या रांगेत बसून बोध घ्यायचा.

त्याने घळीत ते फुटलेलं चाक पाहिलं होतं. चाकावरची पोलादी धाव तुटली की तुटलेली जागा नव्या पातेल्यासारखी चकाकते. हिची निम्मी जागा चकाकत होती आणि निम्मी काळी होती, गंजून काळी. म्हणजे भेग जुनी होती. रेहोरने पाहिलं आणि स्वतःला सांगितलं की ते वंगण असेल. मग घरी येऊन त्याने हिशोब केला, आणि नऊ महिने तो तोच हिशोब करत होता. सतरावा डबा. एका बाजूची चाकं तेहतीस आणि चौतीस. त्याचा हातोडा बत्तीसवर पडला होता आणि मग थेट छत्तीसवर.

हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. भित्रा होता म्हणून नाही सांगितलं, दुसरं काही कारण नव्हतं. पेन्शनला दोन वर्षं उरली होती.

नोव्हेंबरात आमच्या लोकांनी डोकं चालवलं. कामाचे तास अंगावर आले होते, सोळा-सोळा, अठरा-अठरा. पण सरकारी माणसाला संप करता येत नाही, केला की घरी. झेलिंकाच्या खानावळीत बियरचे पेले बाजूला सारून गार्ड स्लाविक टेबलावर उभा राहिला. बोलघेवडा माणूस, पण त्या दिवशी नेमकं बोलला.

"मंडळी, संप नाही करायचा. आपण साहेबांची आज्ञा पाळायची. सगळ्या आज्ञा. पुस्तकात लिहिल्या आहेत तशा, पहिल्या पानापासून."

"आणि गाड्या?" कुणीतरी विचारलं.

"त्या देवाच्या आणि पुस्तकाच्या भरवशावर!"

आधी हशा झाला. मग हसू हळूहळू विरलं, कारण प्रत्येकाला आपापलं पान आठवलं.

तिसऱ्या दिवशी पुढच्या ब्रोड स्टेशनापर्यंत मालगाड्या एकामागे एक उभ्या होत्या. तिकीटबाबू प्रत्येक नाणं उजेडात धरून खरं-खोटं पाहत होता. सामानवाला टोपलीतली अंडीही वजनकाट्यावर ठेवत होता. ड्रायव्हर होलुब निघण्याआधी इंजिनाचा प्रत्येक बोल्ट पान्याने तपासत होता, आणि तपासताना शीळ घालत होता, कारण शीळ घालू नये असा नियम नव्हता. संत मार्टिनच्या सणासाठी निघालेली तीन डबे भरून बदकं बाजूच्या रुळावर अडकली होती आणि सगळं स्टेशन त्यांनी डोक्यावर घेतलं होतं. इतक्या वर्षांत रेल्वे इतकी नियमाने कधी चालली नव्हती, आणि म्हणूनच ती बंद पडली होती.

रेहोरही ठोकत होता, एकूण एक चाक; पहिले दोन दिवस फक्त मालगाड्यांचं, आता पॅसेंजरचंही. त्याची पाठ धरली होती. पण कान मात्र तेवीस वर्षांनी पहिल्यांदा पोटभर काम करत होते.

त्या सकाळी साडेनऊला व्हिएन्नाहून प्रागची पॅसेंजर आली, नऊ डब्यांची. रेहोर लांब दांड्याचा हातोडा घेऊन खाली उतरला. ठण्. थांबला. ठण्. थांबला. खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

"अहो आजोबा, वाजवताय तर सुरात तरी वाजवा!" एका जाड्या व्यापाऱ्याने ओरडून सांगितलं. "माझी मुलगी उद्या लग्न करतेय, मी तिच्या पोराच्या बारशाला तरी पोचेन ना?"

"गप्प बसा हो," त्याची बायको म्हणाली. "लग्नाआधी बारसं काढताय, लोक काय म्हणतील!"

डबा पहिला, डबा दुसरा. तिसऱ्या डब्याच्या दुसऱ्या चाकावर हातोडा पडला आणि आवाज आला, थप्. तडकलेल्या मडक्यासारखा. रेहोरने पुन्हा ठोकलं. थप्. त्याने गुडघे टेकले, हात फिरवला. वर वंगणाचा आणि चिखलाचा थर, दिसत काही नव्हतं. तिसऱ्यांदा ठोकलं, आवाज तोच आला. आणि तोंडातल्या तोंडात त्याने मोजलं. पाच, सहा. सहावं चाक. जुन्या पद्धतीने हातोडा चौथ्यावर पडला असता आणि मग आठव्यावर. हे सुटलंच असतं.

त्याने पिशवीतून लाल चिठ्ठी काढली, खळ लावली आणि डब्यावर चिकटवली. लाल चिठ्ठी म्हणजे हा डबा हलवायचा नाही. ती काढायचा अधिकार चिकटवणाऱ्याला किंवा कारखान्याच्या इंजिनिअरला, आणि कारखाना दोन तासांवर.

फलाटावर आनंदीआनंद झाला. स्लाविक पळत आला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून कानात म्हणाला, "वा रेहोरकाका! लाल चिठ्ठी! हे तर आम्हा कुणाला सुचलंच नव्हतं. काय नाटक केलंत!"

"नाटक नाही हे. चाक फुटलंय."

"हो हो, फुटलंय." स्लाविकने डोळा मारला. "असंच तोंड ठेवा. साहेब येतायत."

होलुबही इंजिनावरून टोपी हलवत होता. रेहोरला त्या दोघांचा एवढा राग आला की क्षणभर हातोडा कुणावर चालवावा ते कळेना. तीन दिवस त्यांनी खरेपणाचं सोंग आणलं होतं, आणि आता खरं समोर आलं तर त्याचंही सोंगच झालं होतं.

लिंडाउअर आले. तीन दिवसांत ते झोपले नव्हते. मिशांची टोकं खाली आली होती आणि व्हिएन्नाच्या तारांनी खिसे फुगले होते. माणूस मुळात वाईट नव्हता, पण वरून दाबलं की खाली दाबायचं एवढंच त्यांना रेल्वेने शिकवलं होतं.

"चिठ्ठी काढा, कुबेल्का."

"नाही काढता येत, साहेब. धावेला भेग आहे."

"दाखवा."

"वरून दिसत नाही. आवाजात आहे."

"आवाजात!" लिंडाउअर वळले आणि ओरडले, "नोंदवही आणा!" वही आली. त्यांनी सगळ्या फलाटासमोर ती उघडली आणि बोट ठेवलं. "हाच डबा काल दुपारी इथून व्हिएन्नाकडे गेला. क्रमांक पाहा. कालपर्यंत पॅसेंजर गाड्यांना तुम्ही हे पुस्तक लावत नव्हता, बरोबर? काल तुम्ही ही गाडी नेहमीसारखी सात मिनिटांत सोडली. काय लिहिलंय? सर्व चाकं ठोकली, सर्व ठणठणीत. सही कुणाची?"

"माझी."

"म्हणजे काल चाक चांगलं होतं आणि आज फुटलं? वाटेत काय तोफेचा गोळा लागला? कुबेल्का, कालची सही खोटी आहे नाहीतर आजची चिठ्ठी खोटी आहे. दोन्ही खरं असू शकत नाही. बोला. आजची खोटी म्हटलंत तर काढून टाका, मीही विसरेन."

बदकं तेवढी ओरडत होती. स्लाविकच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं, कारण साहेबांनी नेमकं कुठे बोट ठेवलंय ते त्याला कळलं. अशी सही प्रत्येकाचीच होती.

रेहोरने व्यापाऱ्याच्या बायकोकडे पाहिलं. ती तिसऱ्याच डब्यात बसली होती, मांडीवर मुलीच्या लग्नाच्या केकचा डबा धरून. ब्रोडच्या आधी उतार लागतो. एकशे बारा.

"कालची खोटी," तो म्हणाला.

"काय?"

"कालची सही खोटी आहे, साहेब. मी सगळी चाकं ठोकली नव्हती. मी चारातलं एक ठोकतो. तेवीस वर्षं तेच करत आलोय." आवाज बसला होता, म्हणून त्याने पुन्हा मोठ्याने सांगितलं, "चारातलं एक! आता रॉकेल द्या आणि खडू द्या."

होलुबने इंजिनावरून रॉकेलचा डबा आणून दिला. आता तो टोपी हलवत नव्हता. रेहोरने चिखल खरवडला, धावेवर रॉकेल चोळलं, कोरड्या फडक्याने पुसून काढलं, वर खडू घासून सगळं पांढरं केलं. मग हातोडा घेऊन हलकेच ठोकत राहिला. भेगेत शिरलेलं रॉकेल ठोक्याने बाहेर येतं आणि खडूवर डाग उमटतो. चार ठोके, पाच ठोके. पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली, केसाएवढी, मग सुतळीएवढी, वीतभर लांब.

जाडा व्यापारी खाली उतरला, रेघ पाहिली, टोपी काढली आणि बायकोला हात देऊन डब्यातून उतरवून घेतलं.

लिंडाउअर बराच वेळ वाकून पाहत होते. उभे राहिले तेव्हा दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. "डबा काढा गाडीतून," ते म्हणाले. मग रेहोरला घेऊन आपल्या खोलीत गेले आणि दार लावलं. भिंतीवर सम्राटांची तसबीर होती, तिच्याखाली शेगडी.

"बसा. तुम्ही आज माणसं वाचवलीत. मी तसं कळवतो. बक्षीससुद्धा मिळेल. ते कालच्या सहीचं जे बोललात ते गोंधळात कुणाला नीट ऐकू गेलं नाही."

"सगळ्यांना ऐकू गेलं, साहेब."

"मी म्हणतो, नाही गेलं. दोन वर्षं राहिलीत तुमची. घरी जा, गरम सूप प्या."

रेहोर बसला नाही. टोपी हातात घेऊन उभा राहिला. "मला जबानी द्यायचीय. फेब्रुवारीच्या मालगाडीची. सतरावा डबा. तेहतीस आणि चौतीस चाक मी ठोकलं नव्हतं. आणि घळीत मी ती धाव पाहिली, निम्मी काळी होती. भेग जुनी होती. मातोउश हावलीन झोपला म्हणून काही झालं नाही. चाक फुटलं म्हणून झालं, आणि ते मला ऐकू आलं असतं."

"कुबेल्का, वेडे झालात का? समितीने निकाल दिलाय. माझीही सही आहे त्यावर! तुम्हाला आटपा, आटपा कोण म्हणत होतं, हे विचारतील ना उद्या!"

"विचारतीलच."

"मी नाही लिहून घेणार."

"नियम बारा," रेहोर म्हणाला. "कर्मचाऱ्याने जबानी देऊ म्हटलं तर प्रमुखाने ती त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि दोघांनी सही करायची. पुस्तकात आहे. हवं तर आणतो, परवाच टेबलाखालून काढलंय. तीन दिवस आम्ही तुमची प्रत्येक आज्ञा पाळतोय, साहेब. ही एक तुम्ही पाळा."

बाहेर डबा सुटा करताना साखळ्यांचा खणखणाट झाला. शेवटी लिंडाउअरांनी दौत पुढे ओढली. लिहिताना एकदाच थांबले. "आटपा, हा शब्द लिहू?"

"मी म्हटलाय का तो?"

"नाही."

"मग नका लिहू. माझे शब्द लिहा. तुमचे तुम्ही लिहा, तुमच्या मनाला येईल तेव्हा."

लिंडाउअरांनी वाचून दाखवलं. सह्या झाल्या. मग रेहोरने हातोडा भिंतीला टेकवून ठेवला, कारण खोट्या नोंदीची कबुली देणाऱ्याला त्या क्षणापासून कामावरून दूर करायचं, असाही एक नियम होताच. निलंबित माणसाला रुळांवरून चालता येत नाही. म्हणून तो रस्त्याने निघाला, दोन किलोमीटर, चिखलातून.

अपोलेना, त्याची मुलगी, एकतीस नंबरच्या घरात राहायची आणि तिथलं फाटक सांभाळायची. फेब्रुवारीपासून ती बापाशी धडपणे बोलली नव्हती. कुणाशीच बोलत नव्हती. तिच्या मनाने एक घेतलं होतं आणि ते ती एकदाच, पुरल्याच्या दिवशी बोलली होती : आदल्या दिवशी मीच त्याला दिवसभर लाकडं फोडायला लावली, म्हणून त्याचा डोळा लागला. त्या लाकडांतलं एकही तिने अजून जाळलं नव्हतं. घरामागे ढीग तसाच रचलेला होता.

रेहोर पोचला तेव्हा फाटक खाली होतं. गाडी येण्याआधी पाच मिनिटं खाली करायचं, पूर्ण पाच. एरवी ती चाकांचा आवाज आला की करायची. अलीकडे चार बैलगाड्या, एक बियरवाल्याची घोडागाडी. पलीकडे अपोलेना, हातात गुंडाळलेलं निशाण.

"अपोलेना!"

"फाटक बंद आहे, बाबा. गाडी जाऊ द्या."

"मला आत्ताच बोलायचंय."

"सगळ्यांनाच आत्ता जायचंय," बियरवाला म्हणाला. "थांबा की, आजोबा. आज म्हणे प्रत्येक गोष्ट पुस्तकाप्रमाणे."

फाटक उघडेपर्यंत थांबलो तर आपली हिंमत चिखलातच राहील, हे रेहोरला माहीत होतं. त्याने दोन्ही हातांनी फाटकाचा दांडा धरला आणि सगळ्यांदेखत बोलायला लागला. सतरावा डबा. बत्तीस, मग छत्तीस. काळी धाव. नऊ महिने. जबानी, सही. "लाकडं फोडल्याने काही झालं नाही, पोरी. मी चाक ठोकलं नाही म्हणून झालं. मला माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही. तू जळत होतीस ते मी बघत होतो."

तेवढ्यात गाडी आली. आठ डबे. तिच्या धडधडाटात कुणालाच काही बोलता येईना, आणि रेहोरने सवयीने चाकं ऐकली. सगळी खणखणीत होती. गार्डाच्या डब्यातून स्लाविकने टोपी काढून छातीशी धरलेली होती.

गाडी गेली. अपोलेनाने निशाण खाली केलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे तो जागा होता," ती म्हणाली.

"डोळा लागण्याचा काही संबंधच नव्हता. चाक होतं."

"जागा होता!" ती गाडीवानांकडे वळली आणि अशा आवाजात ओरडली की घोडा बुजला. "ऐकलंत का रे सगळ्यांनी? माझा मातोउश जागा होता! घरोघर सांगा!"

"सांगतो, बाई, सांगतो," बियरवाला घाबरून म्हणाला. "आधी फाटक तर उघडा."

तिने चक्र फिरवलं. फाटक वर गेलं, गाड्या एकेक करून निघून गेल्या. रेहोर मात्र जागचा हलला नाही. तिने आत या म्हणावं एवढा हक्क आपल्याला उरलाय असं त्याला वाटत नव्हतं. अपोलेना घरामागे गेली आणि ढिगातली लाकडं कवेत भरून घेऊन आली. दाराशी थांबली. तिचे डोळे वाहत होते आणि जबडा घट्ट होता.

"क्षमा मागू नका," ती म्हणाली. "आज नाही करणार मी. आत या, चूल पेटवते. बसा आणि मला सगळं पहिल्यापासून सांगा. आणि बाबा, एकही चाक सोडायचं नाही."